रविवार, बातमी नाही

दातारकाका, तुमच्या तीन वह्या निखिलने काल माझ्याकडे आणून दिल्या. तागाच्या पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र पसरून, जशी काही भाजी आणली आहे. "अनघाताई, बाबांच्या टेबलात सापडल्या. मला वाटलं कुठल्या तरी डॉक्टरचं अक्षर आहे. रद्दीत देणार होतो, मग म्हटलं तुला एकदा दाखवावं," असं म्हणाला. त्याचा काय दोष? तुमचा मुलगा बंगळुरात कॉम्प्युटरच्या भाषा लिहितो, त्याला मोडी कुठून येणार? माझ्या माहितीत सगळ्या फरीदाबादेत मोडी वाचणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक बारा दिवसांपूर्वी गेलं.

मी लगेच वह्या उघडल्या नाहीत. चहा केला, प्यायले, ओटा पुसला, पुन्हा चहा केला. विवेक म्हणाला, "अगं वाच ना, चावणार आहेत का?" त्याला काय जातंय बोलायला. तुम्ही गेलात तेव्हा आपलं बोलणं तुटून आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलं असेल याची धास्ती होतीच. पण खरी धास्ती त्याआधीच्या नऊ वर्षांची होती. नऊ वर्षं दर रविवारी अकरा वाजता मी तुमच्याकडे येत होते ती तुमची मानलेली पुतणी म्हणून, की तुमची बातमीदार म्हणून? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. विचारलं नाही, उलट भांडले, आणि मग तुम्ही दुपारचे झोपलात ते उठलातच नाही.

आता मला जे बोलायचं आहे ते तुम्ही मुकाट्याने ऐकणार आहात. आयुष्यात पहिल्यांदाच मला मध्ये तोडणार नाही.

तुमचं खातं नेमकं कोणतं, हे आपल्या सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं. काकू होत्या तेव्हा त्याही "ह्यांचं खातं" एवढंच म्हणायच्या, आणि ते म्हणताना पदर असा सावरायच्या की पुढे विचारायची सोय नसे. तुम्ही स्वतःला कारकून म्हणवून घेत होतात. चार परदेशी राजधान्यांत राहून आलेला, तिथल्या भाषा बोलणारा, आणि कोणाच्याही घरी गेला तर दाराकडे तोंड करून बसणारा कारकून! एकदा मी सरळ विचारलं, "काका, तुम्ही हेर होतात का हो?" तुम्ही पोह्यांवर खोबरं पसरत होतात. "छे गं. मी फायली लावायचो," म्हणालात. मग लिंबू पिळून झाल्यावर पुढे म्हणालात, "काही फायली चालत्याबोलत्या असायच्या, एवढंच."

तुम्ही निवृत्त झालात आणि जुन्या पत्रांच्या झेरॉक्स घेऊन बसलात. पानिपतानंतर उत्तरेतून पुण्याला गेलेली पत्रं. पुढे तुमच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली आणि वाचून दाखवायला माणूस हवं झालं. मी चौथ्या मजल्यावर, तुम्ही पाचव्या. मी सरकारी कार्यालयात अनुवादक, म्हणून तुम्हाला वाटलं हिला जमेल. तुम्हाला ठाऊक नव्हतं की गाज़ियाबादेत वाढलेल्या मुलीचं मराठी म्हणजे वरण-भातापुरतं. तुम्ही "सलोखा" म्हणालात की मी "म्हणजे?" विचारायचे. तुम्ही कपाळाला हात लावायचात, पण सांगायचात. एका हिवाळ्यात गच्चीवरच्या उन्हात बसून तुम्ही मला मोडी शिकवलीत. माझं अक्षर बघून म्हणालात, "ही पत्रं शत्रूच्या हाती पडली तरी चिंता नाही."

तुमचं वेड मला हळूहळू कळत गेलं. पानिपताच्या एका दिवसावर लोकांनी कपाटंच्या कपाटं भरली, आणि पुढच्या दहा वर्षांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ही तुमची जन्माची तक्रार. "एवढं हरल्यावर दहा-अकरा वर्षांत दिल्लीच्या पातशहाला परत आणून तख्तावर कोणी बसवलं? आपणच ना? कसं जमलं ते?" मी म्हणायचे, फौज घेऊन गेलो. तुम्ही वैतागायचात. "फौज शेवटी येते, अनघा. तोवर इथे कोण होतं?"

इथे वकील होते. कोर्टातले नव्हेत, परक्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने राहणारे. आणि त्यांना बातम्या आणून देणारे हरकारे. तुम्ही त्या वकिलाचं वर्णन करायला लागलात की मला वाटायचं हा माणूस आत्ता बाहेरच्या खोलीत चपला काढतोय. हरलेल्या पक्षाचा माणूस. बाजारातून जाताना लोक हसतात. तरी त्याने आंघोळ करून, पागोटं नीट बांधून दरबारात हजर व्हायचं. कोणाकडे बारसं आहे, जा. कोणाकडे गमी झाली, कोणी वारलं, जा. कोणी टोमणा मारला तर ऐकू न आल्यासारखं करायचं. आणि घरी येऊन लिहायचं की कोण कोणावर रुसला आहे, कोणाचा कंटाळा कोणाला आला आहे. "जिंकलेल्यांचं आपसात फार दिवस पटत नाही," तुम्ही म्हणायचात. "शिवाय जिंकलेला माणूस थकतो. त्याला सगळं सांभाळायचं असतं. हरलेल्याला फक्त लक्ष ठेवायचं असतं."

त्या वेळी हे सगळं मला ऐकायला गंमत वाटायची. मग आपल्या सोसायटीत आमचं पानिपत झालं.

दोन वर्षं होत आली त्याला. जुलैतली सर्वसाधारण सभा, विषय गणपतीचा. आपली मराठी घरं नऊच, पण त्यात वसईचे डिमेलो आले, सोलापूरचे शेख आले, आणि आरतीला सगळे. इतकी वर्षं हॉल दहा दिवस आपल्याला मिळायचा. त्या वर्षी लोकांची कुरकुर सुरू झाली की दहा दिवस हॉल अडतो, मुलांचे वाढदिवस कुठे करायचे. अध्यक्ष होत्या सुषमा अरोरा, पहिल्या मजल्यावरच्या. त्या कडक आवाजात नियम वाचून दाखवत होत्या आणि मला राग चढत होता. मी डिमेलोबाईंकडे वळून चांगलं खणखणीत मराठीत म्हटलं, "ही बाई बघा, लग्नातली वरमाय! हिला नुसतं मिरवायचंय. आणि तो कर्नल तिचा भालदार." आपण सगळे हसलो. तुम्ही हसला नव्हतात, हे मला नंतर आठवलं.

मराठी ही आपली गुप्त भाषा आहे, असं दिल्लीतल्या प्रत्येक मराठी माणसाला वाटतं. भाजीवाल्यासमोर, रिक्षात, नातेवाइकांच्या लग्नात आपण बिनधास्त मराठीत शेरे मारतो. कर्नल ग्रेवाल सावकाश उठले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "मॅडम, मी देवळालीला सहा वर्षं होतो." मग सभेसाठी माझ्या वाक्याचं हिंदीत भाषांतर केलं. चांगलं केलं हो भाषांतर, अनुवादक म्हणून मला एक शब्द बदलता आला नसता. मतं पडली, आणि त्या वर्षी गणपती खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधे बसला.

घरी येऊन मी रडले. विवेक म्हणाला, सोसायटीच बदलू. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक लढायला निघाले होते. तुम्ही सगळ्यांना घरी बोलावलंत आणि पहिली गोष्ट सांगितलीत की ग्रुपवर कोणी काही लिहायचं नाही. "हरलेल्याने चिडायचं नसतं. ते जिंकलेल्याला फार आवडतं." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः कर्नलकडे गेलात. "चूक मराठीत झाली, म्हणून माफी मराठीतच मागतो," असं म्हणालात, आणि ते म्हणाले, "बसा की!" दोन तास बसलात. येताना त्यांच्याकडून देवळालीच्या एका हॉटेलातल्या मिसळीची तारीफ ऐकून आलात.

मग सुरू झाली तुमची वकिली. लोहडीला नऊच्या नऊ घरं हजर, शेखबाई रेवड्या वाटायला पुढे. कोणाकडे जगराता, म्हणजे देवीचं रात्रभराचं भजन, असला की आपली दोन माणसं तरी मांडी घालून बसलेली. गेटवरच्या गार्डपासून इस्त्रीवाल्यापर्यंत तुम्ही सगळ्यांशी बोलायचात आणि आम्हाला सूचना यायच्या: बी ब्लॉकच्या मिश्राजींच्या आई पडल्या आहेत, बघून या. आणि मला म्हणालात, "तू अरोराबाईंकडे जा. माफी माग. त्या सकाळी सहाला पार्कात चालतात. त्यांच्याबरोबर चाल."

"मी? त्या मला हाकलतील, काका."

"हाकलू देत. दुसऱ्या दिवशी परत जा."

त्यांनी हाकललं नाही. चार दिवस आम्ही नुसत्याच चाललो. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "ये वरमाय क्या होता है?" मी सांगितलं, दूल्हे की माँ. त्या इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. दिवाळीपर्यंत त्या माझ्यासाठी सुषमा झाल्या होत्या, आणि मी हॉल विसरून गेले होते. खरंच विसरले होते, काका.

त्याच हिवाळ्यात आपण कस्तुरबा गांधी मार्गावर गेलो होतो, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात. तिथे तुमचं व्याख्यान होतं, "पराभवानंतरची दहा वर्षे". ऐकायला पंधरा माणसं, त्यातली निम्मी नंतरच्या थालीपिठासाठी आलेली. तुम्ही छान बोललात. परतताना जनपथहून मेट्रोत बसल्यावर मी तुम्हाला छेडलं. "तुमचा वकील ज्याच्याकडे जेवतो, त्याच्याच घरातलं रात्री लिहून पाठवतो. त्याला लाज नाही वाटत?"

"हरलेल्याजवळ दोनच गोष्टी उरतात गं. कान आणि चांगली वागणूक. दोन्ही वापरायला लागतात."

"पण मग त्याला मित्र असतात की नाही? बिल्कुल खरं सांगा. की सगळीच माणसं नुसती खबर?"

 बदरपूर आलं. मग म्हणालात, "चांगला वकील सगळं लिहितो. एक सोडून. ज्याच्याकडून कळलं त्याचं नाव तो कधी लिहीत नाही. धन्यालासुद्धा सांगत नाही." मी म्हटलं, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, "आपलं स्टेशन यायला वेळ आहे, विचार कर." मी पुढे खिडकीतून बघत बसले, आणि तो वाद तसाच राहिला.

डिसेंबरात एका सकाळी सुषमा चालता चालता थांबल्या. त्यांचे मिस्टर, अरोरासाहेब, रेल्वेत स्टेशनमास्तर होते. त्यांची आठवण पुसत चालली होती. कधी घरातलं स्नानघर सापडत नसे, कधी बायकोला विचारायचे, बहनजी, आपको कहाँ जाना है? सुषमांनी हे सोसायटीत कोणाला कळू दिलं नव्हतं. सभेत त्यांचा आवाज चढायचा तो यामुळे. त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती. "किसी से कहना मत, अनघा," म्हणाल्या. त्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात पोहे परतताना मी तुम्हाला सांगितलं. "कोणाला सांगू नका हं, काका," हेही सांगितलं. पोटात मावत नव्हतं म्हणून सांगितलं, दुसरं काही मनात नव्हतं.

पुढच्या सप्टेंबरात हॉल परत मिळाला. ठराव खुद्द सुषमांनी मांडला, अनुमोदन कर्नलचं. पहिल्या आरतीला काय उत्साह होता! आरतीनंतर सुषमा माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "दातारजी ना होते तो मैं पागल हो जाती. दिसंबर से रोज़ चार बजे इनके पास आके बैठते हैं." माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं. दिसंबर से. मी तुम्हाला सांगितलं त्याच आठवड्यापासून. तिकडे तुम्ही समईची वात सारखी करत होतात, जणू त्या गावचेच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी काय काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. एका बाईचं दुःख तुम्ही हॉलसाठी वापरलंत. मला वापरलंत. तुमचं खातं सुटलं, पण सवय सुटली नाही. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे, पोहे गार होऊन त्यांचा गोळा झाला. तुम्ही एवढंच म्हणालात, "गेलो तेव्हा हॉल डोक्यात होता. होता, खोटं कशाला बोलू? पुढे नव्हता." मी म्हटलं, यावर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. माझ्या धंद्यातल्या माणसावर ठेवू नये."

त्यावर मी दार आपटून निघाले. एक गोष्ट तुम्ही मला त्या दिवशी सुनावू शकत होतात आणि सुनावली नाहीत. सुषमांकडे मीही कोणाच्या सांगण्यावरून गेले होते? पार्कात पहिले चार दिवस माझ्या डोक्यात काय होतं? हॉलच होता ना! तुमचं आणि माझं सगळं सारखंच झालं होतं, फक्त माझ्या बाबतीत मी त्याला मैत्री म्हणत होते आणि तुमच्या बाबतीत मी त्याला हेरगिरी म्हटलं. तुम्हाला हे दिसत होतं. मला दाखवलं असतंत तर मी तोंडघशी पडले असते, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. मला हे कळायला तुमचं जाणं लागलं, याची मला फार लाज वाटते, काका.

मग आठ महिने लिफ्टमधलं बोलणं. "काय म्हणतेस?" "बरं आहे." "ऊन वाढलं." "हो ना." संक्रांतीला तुम्ही तिळाची वडी घेऊन दाराशी आला होतात. मी आतल्या खोलीत होते आणि विवेकला खूण केली की मी घरी नाही. तुम्हाला कळलं असणार. माझ्या चपला बाहेरच होत्या, आणि तुम्ही चपला बघणार नाही असं कसं होईल?

काल संध्याकाळी शेवटी वहीला हात घातला. पहिले दोन तास तर मी नुसतं माझं नाव शोधत होते. सगळे होते त्यात. कर्नलचा गुडघा होता: "जिना टाळतात. सभा तळमजल्यावर घ्यावी." मिश्राजींच्या आईचं ऑपरेशन होतं, गार्डच्या मुलीची दहावी होती, डिमेलोबाईंचा केक, शेखांची बदली. विवेकसुद्धा होता: "रागीट, पण पटकन निवळतो." काकू गेल्या त्या दिवशीची ओळ होती, ती मी इथे लिहीत नाही. आणि मी कुठेच नव्हते. नऊ वर्षांचे रविवार, तुमचे पोहे, गच्चीवरचं ऊन, आणि तीन वह्यांत माझं नाव एकदाही नाही. मी विवेकला म्हटलं, "बघ, काकांच्या लेखी मी नव्हतेच."  गार्डच्या मुलीची दहावी लिहिली, यार, आणि माझं नाव नाही!

मग लक्षात आलं की जवळपास प्रत्येक पानावर तीच दोन शब्दांची ओळ आहे. "खात्रीचे कळले." मिश्राजींच्या आई पडल्या, खात्रीचे कळले. शेखांच्या मुलाला नोकरी लागली, खात्रीचे कळले. या सगळ्या बातम्या तुम्हाला कोणी सांगितल्या होत्या ते मला आठवायला लागलं. पोहे परतताना, पत्र वाचता वाचता, चहा गाळताना मी सांगितल्या होत्या. इतरांच्या नावापुढे तुम्ही "गार्ड म्हणतो", "कर्नल म्हणतात" असं लिहीत होतात. माझ्या बातम्यांपुढे मात्र नाव नाही; जपायचं होतं ते एकच नाव. बदरपूरला तुम्ही दिलेलं उत्तर माझ्या प्रश्नाचंच उत्तर होतं. मीच त्या दिवशी ते घेतलं नाही.

डिसेंबरापासून पानांवर "अ." सुरू होतो. अरोरासाहेब. "अ. चार वाजता. बोलले नाहीत." "अ. चार वाजता. मला ड्रायव्हर समजले. हो म्हणालो. त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. गाडी वेळेवर सुटली." असं पानामागून पान. कधी गाडी अंबाल्याला थांबलेली, कधी धुक्यामुळे उशीर. आणि सप्टेंबरातली एक नोंद, जी माहीत नसताना मी तुमच्याशी आठ महिने बोलले नाही: "हॉल मिळाला. आता जायचे कारण उरले नाही. चार वाजता गेलो."

त्याच्या पुढच्या आठवड्यापासून "खात्रीचे कळले" ही ओळ संपते. एकदाही परत येत नाही. इतर दिवस भरलेले आहेत, गार्ड म्हणतो, कर्नल म्हणतात. पण दर सात दिवसांनी एकच ओळ.

"रविवार. बातमी नाही."

पुढचं पान उलटलं. "रविवार. बातमी नाही." आठ महिने, काका. शेवटच्या महिन्यांत अक्षर इतकं मोठं आणि वाकडं झालं आहे की तुम्हाला ओळ दिसत नव्हती हे उघड आहे. कोणासाठी लिहीत होतात ते? निखिलला येत नाही. तुम्हाला स्वतःला दिसत नाही. मोडी वाचणारी या गावात दुसरी मीच. तुम्ही मला पत्रं लिहीत होतात आणि ती पोचवत नव्हतात. मी एक जिना चढून वर आले असते तर ती मला मिळाली असती. रडू आलं म्हणून विवेकने वही बाजूला ठेवली, मी ती परत ओढून घेतली.

आज सकाळी सुषमांना पार्कात गाठलं.  त्या मैत्री तोडतील असं वाटत होतं, पण आता पोटात ठेवणं शक्य नव्हतं. "सुषमाजी, अरोरासाहब की बात दातारकाका को मैंने बताई थी. आपने मना किया था, फिर भी."

त्या चालतच राहिल्या. "पता है," म्हणाल्या.

"कब से?"

"पहले दिन से. दातारजी ने आके कहा, मैंने खुद देखा, अरोरासाहब लिफ्ट में ग़लत बटन दबा रहे थे. इतनी तमीज़ से कहा कि मैं समझ गई, झूठ है. अनघा, तेरे सिवा मैंने किसी को बताया ही नहीं था." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मैंने सोचा, चलो, एक की जगह दो हो गए."

पस्तीस वर्षं खात्यात काढलीत आणि सहा वाजता पार्कात चालणाऱ्या बाईने तुम्हाला पहिल्या दिवशी पकडलं! इतकं हसू आलं मला, आणि ते तुम्हाला सांगायला मी अर्धा जिना चढलेसुद्धा. मग कुलूप दिसलं.

पार्कातून निघताना सुषमांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. अरोरासाहेब रोज चारला बाहेरच्या खोलीत येऊन बसतात. हातात हिरवा नॅपकिन. साडेपाचपर्यंत बसतात, मग आत जातात. बारा दिवस एकही गाडी सुटलेली नाही.

चारला मी गेले. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "ड्राइवर कहाँ है?" आवाज स्टेशनमास्तरचाच, कडक.  तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते आठवायचा प्रयत्न केला, आणि मग तो सोडून दिला. "छुट्टी पर हैं जी. लंबी छुट्टी. आज से मैं हूँ." त्यांनी मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात सुषमा उभ्या होत्या. मग हिरवा नॅपकिन धरलेला अरोरासाहेबांचा हात वर झाला.

तुमच्या तिसऱ्या वहीत शेवटची काही पानं कोरी आहेत. माझं अक्षर अजून तसंच आहे, शत्रूच्या हाती पडलं तरी चिंता नाही. पहिल्या कोऱ्या पानावर मी लिहिलं आहे:

रविवार. बातमी आहे. चार वाजता गेले. गाडी वेळेवर सुटली. खात्रीचे कळले.